घाटात बंद पडणारा कॉम्प्युटर आणि कल्याणी

कल्याणी आमच्या सोसायटीच्या खाली, रस्त्याकडेच्या गाळ्यात कॉम्प्युटर जोडते. तयार आणून विकत नाही. सुटे भाग आणते, रिकामा डबा पुढ्यात घेते आणि एकेक बसवत जाते. वाघोलीत कॉलेजं पुष्कळ, त्यामुळे गेम खेळायला दणकट कॉम्प्युटर मागणारी मुलंही पुष्कळ. ती गाळ्यात डोकावतात आणि विचारतात, “मालक आहेत का?”

कल्याणी स्क्रू आवळता आवळता म्हणते, “आहेत ना.”

“कुठे गेलेत?”

“कुठीच नाही. तुमच्यासमोर बसून राहिले.”

तेवढ्यावरून परत गेलेली मुलंही मी पाहिली आहेत. तिला त्याचं काही वाटत नाही असं नाही. पण बोलून दाखवत नाही, पुढच्या स्क्रूला लागते.

तिचं गाव वर्धा जिल्ह्यात, पुलगावजवळ. वडील बाबुराव कापसाच्या जिनिंगमध्ये होते. मुलीनं पुण्याला जाऊन डिप्लोमा करावा हा त्यांचा हट्ट. डिप्लोमा झाला आणि बुधवार पेठेतल्या एका दुकानात ती बिलं करायला लागली. त्या दुकानात बिघडून परत आलेली मशीन एका कोपऱ्यात रचून ठेवलेली असत. सगळ्यांना नवीन जोडायची घाई, त्या कोपऱ्याकडे कोणी फिरकायचं नाही. ही डबा खाऊन झाला की तिथे जाऊन बसायची. “नवीन मशीन काही शिकवत नाही काकू,” असं ती मला एकदा म्हणाली होती, “बिघडलेली बोलते तरी.” वडील वारले तेव्हा आईला, सुंदराबाईंना, तिनं इकडे आणलं आणि हा गाळा भाड्यानं घेतला. आत बाबासाहेबांचा फोटो आहे आणि बुद्धाची लहानशी मूर्ती. सकाळी आधी तिथे मेणबत्ती लागते, मग शटर पुरतं वर जातं.

मी दर संकष्टीला दगडूशेठला जाते. कल्याणीलाही माल आणायला बुधवारात जावंच लागतं, म्हणून ती मला स्कूटरवर मागे बसवून नेते. मी देवळात, ती दुकानात, आणि येताना दोघी मंडईत भाजी घ्यायला भेटतो. देवळात ती येत नाही. मी आग्रह करत नाही आणि तीही मला कधी काही शिकवत नाही. प्रसादाचा पेढा मात्र अर्धा मागून घेते. आमचं असं बरं चाललेलं आहे.

इथून पुढे कॉम्प्युटरचे जे शब्द येतील ते तिच्याकडून ऐकलेले आहेत. मी मराठी शाळेतली, माझा आणि त्या यंत्राचा संबंध फक्त पुसण्यापुरता. चुकलं असेल तर ते माझं.

आता रावसाहेब. हे माझ्या यजमानांचं नाव आहे, हुद्दा नाही. हुद्दा ड्रायव्हर. उमेदीची सगळी वर्षं एसटी चालवली, रिटायर झाल्यावर शाळेची गाडी चालवली, आणि गाडी चालवताना जेवढं बोलता येत नाही तेवढं घरी येऊन बोलले. कोणत्या घाटात कोणी मूर्खासारखं ओव्हरटेक केलं, कोणत्या स्टँडवरची मिसळ आता खाण्याच्या लायकीची राहिली नाही, माझ्या पोह्यात मीठ कोणत्या आनंदात जास्त पडलं. सगळं त्याच एका सुरात.

मग काचबिंदू झाला. एका डोळ्याची नजर जवळजवळ गेली. डॉक्टरीणबाई चांगल्या होत्या, पण स्पष्ट बोलल्या, “काका, गाडी आता बंद. स्कूटरसुद्धा नाही.” ते घरी आले, स्कूटरची किल्ली माझ्या हातात दिली आणि बाल्कनीत जाऊन बसले.

तिथेच राहिले, असं म्हटलं तरी चालेल. चहा दिला की प्यायचे. पोह्यात मीठ जास्त पडलं तरी खायचे. मी एकदा मुद्दाम मीठ घातलंच नाही, तरी खाल्ले. मला भीती वाटली ती त्या दिवशी. नवरा भांडत असतो तोवर घरात असतो. मी सकाळी देवापुढे बसले की दुसरं काही मागत नव्हते, यांना बोलतं कर एवढंच.

आमची उत्कर्षा हैदराबादला नोकरी करते. तिनं आणि कल्याणीनं फोनवर काय ते ठरवलं आणि मग मला सांगितलं, की बस चालवायचा एक गेम असतो. खरं स्टिअरिंग टेबलाला लावायचं, पायाशी ब्रेक, क्लच, सगळं. डोळ्याच्या डॉक्टरांनाही विचारून घेतलं होतं. त्या म्हणाल्या, थोडा थोडा वेळ हरकत नाही, त्यात कोणी मरत नाही.

कल्याणीनं कॉम्प्युटर आमच्या हॉलमध्येच बसून जोडला. मी विचारलं, “मुहूर्त बघू का गं?”

“काकू, माझा मुहूर्त सगळ्या वायरी लागल्यावर.”

“बरं, कुंकू तरी लावते.”

“लावा ना. बाहेरून लावा. आतमध्ये अक्षता नका टाकू फक्त.”

रावसाहेब बाल्कनीतून बघत होते. स्टिअरिंग टेबलाला लागलं तेव्हा उठून आत आले. खुर्ची मागे घेतली, पुढे घेतली. कॉम्प्युटरचा तो काळा डबा त्यांनी स्वतः उचलून डाव्या हाताला, गुडघ्याच्या उंचीच्या स्टुलावर ठेवला. “इथंच राहू दे,” म्हणाले. आम्हाला वाटलं, सोय असेल.

गाडी सुरू झाली आणि ते एकदम ओरडले, “अरे, ही माणसं उजवीकडून कशी चालवतात? शहाणी आहेत का?”

कल्याणीनं सेटिंग बदललं. गाड्या डावीकडून जायला लागल्या. तिनं कुठून तरी घाटाचा रस्ताही मिळवून त्यात घातला होता, झाडी, धुकं, वळणावळणाचा. रावसाहेब प्रत्येक थांब्यावर थांबत, दार उघडत, माणसं चढेपर्यंत मान वळवून बघत. वळणावर हॉर्न. मागून एक ट्रक फार जवळ आला तर त्याला अशी शिवी दिली की मी स्वयंपाकघरात उभ्या उभ्या हात जोडले. शिवी ऐकून देवाला नमस्कार करणारी बाई मीच असेन.

दोन-चार दिवस असे गेले. मग एका दुपारी घाटाच्या मध्यावर पडदा काळा झाला. कॉम्प्युटर आपोआप बंद झाला आणि परत चालू झाला, पण गाडी कुठल्या कुठे गेली.

“गरम झाली असेल,” रावसाहेब हसून म्हणाले. “चढ हाय ना.”

दुसऱ्या दिवशी पुन्हा घाटात. तिसऱ्या दिवशी हसले नाहीत.

कल्याणीला फोन केला. ती आली, मांडी घालून बसली. तिची एक पद्धत आहे. हात लावायच्या आधी सगळं विचारून घेते, डॉक्टर विचारतात तसं. आवाज आला का? पडदा निळा झाला का काळा? आधी अडखळली का एकदम गेली? मग म्हणाली, “काका म्हणतात गरम झाली, तर आधी तेच पाहू.” तिनं त्याच घाटातून स्वतः बस नेली, एका कोपऱ्यात आतल्या उष्णतेचे आकडे लावून ठेवले. आकडे व्यवस्थित. पंखे फिरत होते. बस घाट उतरून सरळ स्टँडवर गेली.

“चालू तर होऊन राहिली,” ती म्हणाली.

“तुझ्या हातात,” रावसाहेब म्हणाले.

कॉम्प्युटर स्वतःही आत काही टिपून ठेवतो म्हणे. त्यात एवढंच होतं की अचानक बंद पडला. का, ते नव्हतं.

मग तिनं एकेक सुरू केलं. रॅम जास्त वेगानं चालवायचं एक सेटिंग असतं, ते काढून साधं केलं. रावसाहेबांची बस घाटात बंद पडली. मग ग्राफिक्स कार्डाचा प्रोग्राम पुसून नव्यानं घातला. तरी बंद पडली. मग तिला वाटलं तो घाटाचा रस्ताच खराब असेल, म्हणून तो काढून टाकला, तर बस सपाट रस्त्यावर बंद पडली. मी म्हटलं, “सगळं एकदमच बदलून टाक ना.” तर म्हणाली, “मग कशानं बरं झालं ते कसं कळेल? एका वेळी एकच बदलायचं, काकू. औषधाचं तसंच असते ना.”

एकदा ती डबा उचलून गाळ्यात घेऊन गेली आणि दिवसभर त्याच्याकडून जड कामं करून घेतली. एकदाही बंद पडला नाही. मग आमच्या घरची वीज तपासली, प्लगचं अर्थिंग तपासलं, आपल्याकडचा दुसरा पॉवर सप्लाय आणून लावला. ती बसलेली असली की बस चालायची. ती जिना उतरून गेली आणि रावसाहेब बसले की काही वेळानं बंद.

प्रत्येक खेपेला रावसाहेब थोडे थोडे कमी बोलत होते. मला ते दिसत होतं. आधी ट्रकवाल्याला शिव्या बंद झाल्या. मग थांब्यावर मान वळवून बघणं बंद झालं. एक दिवस कल्याणी स्क्रूड्रायव्हर पिशवीत टाकत होती, तेव्हा ते तिच्याकडे न बघता म्हणाले, “पोरी, एक सांग. यंत्रात काही दोष नाही. विजेत नाही. तू चालवलीस की चालते. मग राहिलं कोण?”

“काका, असं नसते.”

“पुन्हा बंद पडली की खाली घेऊन जा. स्टिअरिंगसकट. मला ड्युटीवरून दोनदा उतरवू नका.”

ती गेली आणि ते बाल्कनीत जाऊन बसले. मला तेव्हा वाटलं, हा खेळ आणलाच नसता तर बरं झालं असतं. एकदा गेलेली वस्तू परत देऊन पुन्हा काढून घेणं, हे फार वाईट.

लगेच दोन दिवसांनी संकष्टी होती. स्कूटरवर कल्याणी नेहमीसारखी बोलत नव्हती. मी देवळातून बाहेर आले तर ती रिकाम्या हातानं उभी. माल घेतलाच नव्हता. मंडईत मी मेथी बघत होते, ती नुसती पिशवी धरून.

“काकू,” ती एकदम म्हणाली, “मी सगळं बदलून पाहिलं ना?”

“अगं, किती केलंस तू. आता—”

“नाही, ऐका ना. रॅम बदलली, पॉवर सप्लाय बदलला, जागा बदलली, वीज पाहिली. एकच गोष्ट नाही बदलली. मी येते ते. मी दर वेळी फोन करून येते. मी असली की मशीन चालते. म्हणजे मी येते म्हणून तुमच्या घरात काहीतरी होते, जे मी नसली की होत नाही. नाहीतर मी नसली की काहीतरी होते, जे मी आली की होत नाही.”

मला काही समजलं नाही. मी म्हटलं, “आमच्या घरात काय होणार? चहा होतो.”

ती हसली. “ह्या वेळी मी सांगून येणार नाही. काकांना बोलू नका. त्यांना आज एकदा बसवा फक्त.”

मी घरी आले. प्रसाद दिला, आणि त्यांना म्हटलं, “अहो, आज चतुर्थी आहे. एकदा चालवा. माझ्यासाठी.”

“गणपतीला बसायचंय का बसमध्ये?” ते म्हणाले. पण उठले.

तासाभरानं बेल वाजली. दारात कल्याणी, हातात ठेच्याची बरणी. “आईनं पाठवला,” असं मोठ्यानं म्हणाली आणि चपला काढून आत आली. रावसाहेब गाडीत होते, दोन्ही हात स्टिअरिंगवर. त्यांनी नुसती मान हलवली. घाट लागलेला होता, तिनं तो परत घालून दिला होता.

कल्याणी हॉलच्या मध्यावर थांबली. बरणी तिच्या हातातच राहिली.

“काका, हे काय होय?”

“काय?”

“हे. मशीनवर.”

मशीनवर आमची जुनी गोधडी होती. चार घड्या घातलेली, वरून टाकून पुढेमागे खाली सोडलेली. काळा डबा जवळजवळ दिसत नव्हता.

“गोधडी,” रावसाहेब रस्त्यावरची नजर न काढता म्हणाले. “बॉनेटवरची.”

जुन्या एसटीत ज्यांनी पुढच्या बाकावर बसून प्रवास केला असेल त्यांना आठवेल. इंजिन ड्रायव्हरच्या डाव्या हाताला, केबिनमध्येच असायचं, आणि त्याच्या झाकणावर जाड काहीतरी अंथरलेलं असायचं. आवाज दबावा म्हणून, धग पायाला लागू नये म्हणून. रावसाहेबांनी सगळी नोकरी त्या गोधडीशेजारी केली होती. डाव्या हाताला कॉम्प्युटर ठेवून घेतला होता तो त्याचसाठी. पंखे घोंगावायला लागले की हात आपोआप गोधडीकडे गेला असणार.

“आणि मी येते तेव्हा?” कल्याणीनं हळूच विचारलं.

“तेव्हा काढतो की. मेकॅनिक येणार म्हटल्यावर बॉनेट मोकळं करून ठेवायला नको? तुझा फोन आला की काढतो, ही घडी करून कपाटात ठेवते.”

“ही” म्हणजे मी. खरंच ठेवत होते. मिक्सरला आवरण, टीव्हीला आवरण, शिलाई मशीनला आवरण असलेल्या घरात कॉम्प्युटरवर गोधडी दिसली तर कोणाला काय वाटणार? पाहुणे येताना जुनी गोधडी हॉलमध्ये नको, एवढंच माझ्या डोक्यात.

कल्याणी खाली बसली. मला वाटलं आता ही हसणार, आणि ती हसली तर हे कायमचे उठणार. मी मनात गणपतीचं नाव घेतलं. पण ती हसली नाही. तिनं गोधडीचं टोक जरासं वर केलं आणि रावसाहेबांचा डावा हात धरून तिथे नेला.

“पाहा, काका.”

त्यांनी हात झटकन मागे घेतला. मग परत पुढे नेला आणि डब्याच्या मागच्या जाळीवर धरला. बस रस्त्याच्या कडेला लागली, मागच्या गाड्या हॉर्न वाजवत होत्या.

“ह्याला पाणी नसते, तुमच्या इंजिनसारखं. हा नुसत्या हवेवर गार होते. पुढून हवा घेते, मागून टाकते.”

रावसाहेबांनी हँडब्रेक ओढला. मग म्हणाले, “म्हणजे मी रेडिएटरला गोणपाट बांधून घाट चढवत होतो.”

“तसंच काहीसं.”

“माझ्याइतका अडाणी ड्रायव्हर डेपोत नसेल.”

“चूक माझी होय, काका,” कल्याणी म्हणाली. तिच्या आवाजात समजूत घालण्याचा सूर नव्हता, तिला खरंच तसं वाटत होतं. “तुम्ही पहिल्या दिवशीच म्हणाले होते गरम झाली. मी आकडे पाहिले आणि सोडून दिलं. आणि आवाज आला का म्हणून विचारलं, आवाजाचा त्रास होते का म्हणून नाही विचारलं. तुम्हाला त्रास होत असेल म्हणूनच झाकलं ना?”

“घोंगावतंय किती ते. ट्रक मागून आला तर ऐकू येत नाही मला. एका डोळ्यानं मागचं दिसत नाही, ऐकूनच सांभाळायचं असतं.”

हे त्यांनी आजवर कोणाला सांगितलं नव्हतं. मलाही नाही.

कल्याणीनं गोधडी माझ्या हातात दिली आणि लगेच कामाला लागली. खाली गाळ्यात जाऊन मोठे, सावकाश फिरणारे पंखे घेऊन आली आणि जुने काढून ते बसवले. डबा स्टुलावरून उचलून टेबलाच्या पलीकडे, भिंतीपासून लांब ठेवला, वायरी लांब घातल्या. गोधडीखाली तापून काही बिघडलं तर नाही ना, तेही तपासलं. त्या कॉम्प्युटरांना जास्त ताप झाला की स्वतःच बंद व्हायची अक्कल असते, म्हणून वाचला म्हणे. मग एक कानाला लावायचा हेडफोन रावसाहेबांच्या डोक्यावर चढवला.

“आता ऐका. मागं कोण आहे?”

रावसाहेबांनी डोळे मिटले. “ट्रक,” म्हणाले. “उजव्या अंगाला. खाली गिअर टाकतोय.”

“चला मग. मी पॅसेंजर.” तिनं प्लास्टिकची खुर्ची ओढून त्यांच्या मागे टाकली आणि बसली. मला म्हणाली, “काकू, या ना. जागा आहे.”

मी पदर खोचून दुसऱ्या खुर्चीत बसले. लग्नानंतर मी यांच्या बसमध्ये फार वेळा बसलेच नव्हते. सुट्टी कधी मिळायची नाही, मिळाली की यांना गाडीत बसायचं नसायचं. घाट सुरू झाला. पहिलं वळण, दुसरं वळण, धुकं. जिथे नेहमी पडदा काळा व्हायचा ती जागा आली. मी मनात रामरक्षा म्हणत होते, आणि कल्याणी एका कोपऱ्यातल्या आकड्यांकडे बघत होती. आपापल्या परीनं दोघी तेच करत होतो. ती जागा मागे गेली. रावसाहेबांनी तिकडे बघितलंसुद्धा नाही, कारण समोरून एक मोटार चुकीच्या बाजूनं येत होती आणि तिचा समाचार घेणं जास्त निकडीचं होतं.

घाट उतरला. खाली गावातलं स्टँड आलं. त्यांनी बस फलाटाला अशी लावली की इंचभर फट राहिली नाही. दार उघडलं, माणसं उतरू दिली, हँडब्रेक ओढला. मग हेडफोन काढून मागे वळले.

“पॅसेंजर झोपले का?”

“नाही हो,” मी म्हटलं. माझे डोळे भरून आले होते, पण ते त्यांना दाखवायची आमच्या घरी पद्धत नाही.

कल्याणी निघाली तेव्हा मी नारळ घेतला आणि ओटी भरते म्हटलं. ती म्हणाली, “काकू, नारळ द्या, चटणी करू.” मी नारळ दिला. तिच्या खांद्यावर हात ठेवला, तर ती नुसती खाली बघून हसली. तिला थँक्यू म्हटलं की लाज वाटते.

मी देवाचे आभार मानते ते वेगळे, आणि कल्याणीचे मानते ते वेगळे. देवानं बुद्धी दिली असं मी तिला म्हटलं तर ती म्हणेल, मग ते बुधवारातले दिवस कोणी काढले? आणि तिचं खरंच आहे. कोणी न बघितलेल्या कोपऱ्यात बसून तिनं ते मिळवलेलं आहे. त्यातलं इतकं आमच्या वाट्याला आलं, त्याबद्दल मी सकाळी हात जोडते तेव्हा तिचंही नाव मनात येतं. देवाला त्याचं काही वाटत नसणार.

त्या दिवशी रात्री मी चंद्रोदयानंतर उपास सोडायला ताटं घेतली. रावसाहेबांनी पहिला घास खाल्ला, थांबले, आणि ताटाकडे बघत म्हणाले, “मेथी निवडायला मंडईत माणूस ठेवला होता का? अर्ध्या काड्याच आहेत.”

मी म्हटलं, “खा मुकाट्यानं.”

“मुकाट्यानं खायला काय झालं? एवढे दिवस खाल्लंच की. आळणी पोहेसुद्धा खाल्ले.”

म्हणजे कळत होतं सगळं. मी त्यांना आणखी भाजी वाढली, ते आणखी बोलले, आणि आमची जेवणं त्या दिवशी बरीच लांबली.